सनदी शाळा आणि सर्वांची शाळा

विद्यादान हें पुण्यकर्म होय, याविषयीं दुमत नाहीं; परंतु तें कोणी करावें, कोणाच्या पैशानें करावें आणि त्याचा हिशेब कोणापुढें मांडावा, हे तीन प्रश्न निघाले कीं सुज्ञांचेंही एकमत होत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं तीस-पस्तीस वर्षें याच तीन प्रश्नांवर मोठें वादळ चालू आहे. सार्वजनिक तिजोरींतून पैसा घेणारी, परंतु शिक्षणमंडळाच्या नित्याच्या अंमलाखालीं नसणारी अशी एक नव्या धर्तीची शाळा तेथें निघाली आहे. तिला तेथें ‘चार्टर स्कूल’ म्हणतात. चार्टर म्हणजे सनद. म्हणून या लेखापुरतें आपण तिला ‘सनदी शाळा’ म्हणूं. या नव्या शाळा जुन्या सार्वजनिक शाळांना पूरक आहेत कीं मारक, आणि जुन्यांची जागा त्यांनीं घ्यावी कीं घेऊं नये, असा हा वाद आहे.

सातासमुद्रांपलीकडच्या या वादाला आपल्या वार्षिकांत जागा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर सरळ आहे. लोकांच्या करांतून आलेला पैसा आणि खाजगी संस्थेची व्यवस्था यांची सांगड घालून चालणाऱ्या शाळा आपल्याकडे दीडशें वर्षांहून अधिक काळ आहेत. सरकारी अनुदान घेणारीं मिशन हायस्कुलें हीं त्यांपैकींच होत. तेव्हां हें भांडण परक्याच्या घरचें नसून भाऊबंदांच्या घरचें आहे, आणि भाऊबंदांचें भांडण नीट ऐकलें तर आपल्याच घरांतले पुष्कळ कोपरे उजेडांत येतात.

प्रथम ज्या शाळेला पर्याय म्हणून ही सनदी शाळा पुढें आली, ती जुनी सार्वजनिक शाळा कशी आहे, तें पाहूं. मॅसॅच्युसेट्स संस्थानांत १८३७ सालीं शिक्षणमंडळ स्थापन झालें आणि होरेस मान हे त्याचे पहिले चिटणीस झाले. श्रीमंताचा मुलगा आणि मजुराचा मुलगा यांनीं एकाच बाकावर बसावें, शाळेचा खर्च सर्वांनीं कराच्या रूपानें सोसावा, आणि शाळा कोणा एका पंथाची नसावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याच संस्थानानें १८५२ सालीं मुलांना शाळेंत धाडणें आईबापांस सक्तीचें केलें. अमेरिकेंत असा कायदा प्रथम तेथेंच झाला. पुढें ही पद्धति देशभर पसरली. एका ठराविक टापूचा एक शाळा-विभाग, त्यावर बहुधा लोकांनीं निवडून दिलेलें मंडळ, आणि त्या टापूंत राहणाऱ्या मुलांना आपलें दार उघडें ठेवण्याचें बंधन, असा हा बेत आहे.

तें दार सर्वांना एकदम उघडलें, असें मात्र नाहीं. कातडीच्या रंगावरून मुलांना वेगळाल्या शाळांत बसविणें हें घटनेविरुद्ध आहे, असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं दिला, आणि अपंग मुलांना योग्य शिक्षण मिळालेंच पाहिजे असा देशव्यापी कायदा १९७५ सालीं झाला. परंतु एवढ्या झगड्यानंतर आज त्या दारावर जो नियम कोरलेला आहे, तो मोलाचा आहे. मूल आंधळें असो कीं बहिरें, त्याला इंग्रजीचें एक अक्षर येत नसो, किंवा वर्षाच्या मध्यावर तें दुसऱ्या गांवाहून आलेलें असो, ‘आमच्याकडे तुझी सोय नाहीं’ असें सांगून त्याला वाटेला लावण्याचा अधिकार या शाळा-विभागाला नाहीं.

या योजनेंत एक मोठें व्यंग मात्र राहून गेलें. शाळेच्या खर्चाचा मोठा भाग त्या त्या टापूंतील घरांवरच्या व जमिनींवरच्या करांतून येतो. जेथें वाडे मोठे तेथें कर मोठा, आणि जेथें खोपटीं तेथें तो तुटपुंजा. शिवाय मूल कोणत्या शाळेंत जाणार, हें बहुतकरून त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरतें. श्रीमंत बाप चांगल्या वस्तींत घर विकत घेतो आणि घराबरोबर शाळाही विकत घेतो. गरीब बापाला तें साधत नाहीं. खर्चाची ही विषमता संयुक्त संस्थानांच्या घटनेचा भंग करीत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं दिला. म्हणजे दार उघडें खरें. परंतु कोणाचें दार मंदिराचें आणि कोणाचें पडवीचें, हें जन्मस्थळावर ठरूं लागलें. सनदी शाळेचा जन्म या असंतोषांतून झाला आहे.

‘सनद’ हा शब्द आपल्या इतिहासाच्या वाचकाला नवा नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीची सनद ब्रिटिश पार्लमेंट वीस वीस वर्षांच्या मुदतीनें नवी करीत असे, आणि तीं वर्षें भरत आलीं कीं कारभाराची झडती घेत असे. १८१३ सालच्या सनदेनें या देशांतील विद्येच्या उत्तेजनासाठीं वर्षाला निदान एक लाख रुपये बाजूस काढावेत असें ठरविलें, आणि त्याच सनदेनें मिशनऱ्यांना येथें येण्याची वाट मोकळी केली. सनदेचें मर्म दोन गोष्टींत आहे: ठरलेल्या अटींवर मोकळीक, आणि ठरलेल्या मुदतीनंतर जाब. सनदी शाळेचें मर्मही हेंच होय.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठांतील प्राध्यापक रे बडी यांनीं ही कल्पना मांडून १९८८ सालीं तिच्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं शिक्षकांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघाचे अध्यक्ष अल्बर्ट शँकर यांनीं ती उचलून धरली. चार समानशील शिक्षकांनीं एकत्र यावें, नवी पद्धति योजावी, कांहीं वर्षें ती करून पाहावी, आणि जें साधेल तें सर्व शाळांच्या उपयोगीं पडावें, असा शँकर यांचा हेतु होता. १९९१ सालीं मिनेसोटा संस्थानानें या धर्तीचा पहिला कायदा केला आणि १९९२ सालीं सेंट पॉल शहरांत पहिली सनदी शाळा सुरू झाली. ती कोणा धनिकांच्या मुलांसाठीं नव्हती; शिक्षण अर्धवट टाकून गेलेल्या तरुण मुलांना परत आणण्यासाठीं होती. पुढें खाजगी कंपन्या नफ्याच्या आशेनें या क्षेत्रांत शिरूं लागल्या, तेव्हां स्वतः शँकरच या चळवळीचे टीकाकार झाले, हेंही येथें नमूद केलें पाहिजे.

या शाळांची रीत थोडक्यांत अशी. एखादी संस्था सनद देणाऱ्या अधिकाऱ्याकडे अर्ज करते. मुलांना काय शिकविणार, कसें शिकविणार आणि तें साधलें कीं नाहीं हें कशावरून ओळखणार, असा लेखी करार होतो. त्याची मुदत बहुधा तीन ते पांच वर्षांची असते. दर मुलामागें ठराविक पैसा सार्वजनिक तिजोरींतून मिळतो. मुलांकडून फी घेतां येत नाहीं. वेळापत्रक, शिक्षकांची नेमणूक, दिवसाचे तास यांत शाळेला मोकळीक असते. जागांपेक्षां अर्ज अधिक आले तर चिठ्ठ्या टाकून मुलें घ्यावीं लागतात. करार पाळला नाहीं तर सनद जाते आणि शाळा बंद होते. २०२१-२२ सालीं अशा सुमारें ७,८०० शाळा होत्या आणि त्यांत सुमारें ३७ लक्ष मुलें शिकत होतीं. सार्वजनिक खर्चानें शिकणाऱ्या शंभर मुलांपैकीं हीं सुमारें सात होत.

आतां या शाळांच्या कैवाऱ्यांचें म्हणणें न्यायबुद्धीनें ऐकूं. ते म्हणतात, श्रीमंताला निवड आहे. ती गरिबालाही द्या. मोलमजुरी करणाऱ्या आईनें आपल्या मुलाला, केवळ ती अमुक गल्लींत राहते म्हणून, वाईट शाळेंत कां घालावें? या प्रश्नाला तडफदार उत्तर अद्याप कोणी दिलेलें नाहीं. शिवाय त्यांच्या पदरीं पुरावाही आहे. १९९४ सालीं ह्यूस्टन शहरांत दोन तरुण शिक्षकांनीं ‘किप’ नांवाचा उपक्रम आरंभिला; शाळेचा दिवस लांबविला, शिस्त बांधून दिली, गरीब वस्तींतील मुलांकडून कॉलेजपर्यंत जाण्याची अपेक्षा धरली, आणि त्यांतून देशभर शाळांची एक मालिका उभी राहिली. बॉस्टन शहरांत ज्या मुलांची चिठ्ठी निघाली आणि ज्यांची निघाली नाहीं, त्यांची तुलना अर्थशास्त्रज्ञांनीं केली. चिठ्ठी दैवानें निघते, म्हणून ही तुलना निःपक्षपाती. तींत सनदी शाळांत गेलेल्या मुलांची परीक्षांतील प्रगति ठळकपणें अधिक दिसली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणींतही सनदी शाळांतील मुलें सरासरीनें वर्षाकांठीं वाचनांत १६ दिवसांच्या आणि गणितांत ६ दिवसांच्या अभ्यासाइतकीं पुढें असल्याचें आढळलें.

विरोधकांची बाजूही तितकीच ऐकण्याजोगी आहे. स्टॅनफर्डच्याच संशोधकांची १४ वर्षांपूर्वींची, म्हणजे २००९ सालची, पाहणी वेगळेंच सांगत होती: गणितांत शंभरांपैकीं १७ सनदी शाळा शेजारच्या सार्वजनिक शाळांहून सरस, ४६ त्यांच्या बरोबरीच्या, आणि ३७ त्यांहून निकृष्ट. मधल्या काळांत सुधारणा झाली, हें मान्य. परंतु सनदेच्या कागदानें शाळा आपोआप चांगली होत नाहीं, हेंही सिद्ध झालें. घरबसल्या यंत्रावर शिकविणाऱ्या सनदी शाळांचा निकाल तर २०२३ च्या पाहणींतही शोचनीय होता. त्यांतील मुलें गणितांत १२४ दिवसांच्या अभ्यासानें मागें होतीं. ओहायो संस्थानांतील अशा एका प्रचंड शाळेचें उदाहरण बोधप्रद आहे. ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमारो’ असें तिचें नांव. मुलें खरोखर किती वेळ शिकलीं याचा दाखला ती देऊं शकली नाहीं. सुमारें आठ कोटि डॉलर परत करा असा हुकूम तिला झाला, आणि जानेवारी २०१८ मध्यें, ऐन वर्षाच्या मध्यावर, ती बंद पडली. सुमारें बारा हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. पुष्कळांना आसरा कोणी दिला? त्यांच्या गांवच्या जुन्या सार्वजनिक शाळेनें. तिला नाहीं म्हणण्याची मुभाच नव्हती.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो आंकड्यांहून उदाहरणानें लवकर समजेल. समजा, एका सार्वजनिक शाळेच्या दहा वर्गांतून प्रत्येकीं तीन मुलें सनदी शाळेकडे गेलीं. तीस मुलांचा पैसा त्यांच्याबरोबर गेला. परंतु एकही वर्ग बंद झाला नाहीं, एकाही शिक्षकाचा पगार वांचला नाहीं. छप्पर तेवढेंच राहिलें आणि दिवाबत्तीही तेवढीच. उत्पन्न घटलें, खर्च तेवढाच राहिला. आणि ही तूट मागें राहिलेल्या मुलांच्या वांट्यास आली. मागें राहिलेलीं मुलें बहुधा कोणाचीं? ज्यांच्या आईबापांना अर्ज भरण्याची सवड नाहीं, किंवा अर्ज कोठें मिळतो हेंच ठाऊक नाहीं, त्यांचीं.

होरेस मान यांच्याच मॅसॅच्युसेट्स संस्थानांत २०१६ सालीं हा प्रश्न थेट मतदारांपुढें आला. सनदी शाळांच्या संख्येवरील मर्यादा सैल करून वर्षाला आणखी बारांपर्यंत शाळांना परवानगी द्यावी काय, असा तो प्रश्न होता. ज्या बॉस्टन शहरांतील सनदी शाळांची कीर्ति सर्वांत मोठी, तें शहर याच संस्थानांत आहे. तरीही शंभरांपैकीं सुमारें ६२ मतदारांनीं ‘नको’ असा कौल दिला. कांहीं मंडळींनीं याचें खापर शिक्षकसंघांच्या पैशावर फोडलें. पैसा तर दोन्ही बाजूंनीं ओतला गेला होता. मला वाटतें, त्या मतदारांनीं एक साधा विचार केला. सनदी शाळा चांगली आहे किंवा नाहीं, एवढाच प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारला नाहीं. तिच्यांत जाऊं न शकणाऱ्या मुलांचें काय होईल, हाही विचारला. त्याच वर्षीं कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं शतकाहून अधिक काळ झगडलेल्या ‘एन्. ए. ए. सी. पी.’ या संस्थेनेंही सनदी शाळांची वाढ तूर्त थांबवावी असा ठराव केला.

परंतु सर्वच शाळा सनदी झाल्या तर? मग मागें राहणारा कोणी उरणारच नाहीं, असें एखादा म्हणेल. न्यू ऑर्लिन्स शहरांत हाही प्रयोग होऊन गेला आहे. ऑगस्ट २००५ मध्यें तें शहर झंझावातानें व पुरानें बुडालें. त्यानंतर संस्थान सरकारनें बहुतेक शाळा आपल्या ताब्यांत घेतल्या, आणि एकामागून एक शाळा सनदी संस्थांच्या हातीं दिली; सात हजारांहून अधिक शिक्षकांच्या व नोकरांच्या नोकऱ्या गेल्या. परीक्षांचे निकाल पूर्वींपेक्षां सुधारले, हें नाकारतां येत नाहीं. परंतु प्रत्येक शाळेचें दार निराळें, अर्ज निराळा, शिक्षेचा नियम निराळा. अपंग मुलांना शाळा नीट सामावून घेत नाहींत, म्हणून पालकांनीं २०१० सालीं न्यायालयांत दावा लावला. त्याचा समेट २०१५ सालीं झाला. २०१२ सालीं सर्व शहरासाठीं प्रवेशाचा एकच अर्ज करावा लागला, आणि मुलाला शाळेंतून काढून टाकण्याचा निर्णय एकेका शाळेच्या हातांतून काढून एका ठिकाणीं आणावा लागला. २०१९ पर्यंत शहरांत जुन्या धर्तीची एकही सार्वजनिक शाळा उरली नव्हती; २०२४ सालीं शहराच्या निर्वाचित मंडळानें पुन्हां स्वतःची एक शाळा उघडली.

या हकीकतींत सर्व वादाचें सार आहे, असें मला वाटतें. सनदी शाळा जोंवर थोड्या होत्या, तोंवर ‘सर्वांना घेण्याची’ जबाबदारी दुसरें कोणी तरी वाहत होतें. त्याच सर्वत्र झाल्या, तेव्हां ती जबाबदारी त्यांच्याच खांद्यावर येऊन पडली आणि एक सामायिक वही, एक सामायिक नियम, एक सामायिक मंडळ पुन्हां उभारावें लागलें. म्हणजे सार्वजनिक शाळेला पर्याय शोधतां शोधतां लोक फिरून सार्वजनिक शाळेपाशींच आले. यावरून माझें मत असें झालें आहे कीं, सनदी शाळा ही प्रयोगशाळा म्हणून उत्तम, सोबतीण म्हणून उपयुक्त. परंतु सर्वांच्या शाळेची वारस म्हणून ती अपुरी. ज्या शाळेला ‘जागा भरल्या’ असें म्हणतां येतें, ती कितीही चांगली असली तरी, जिला तसें म्हणतां येत नाहीं तिच्याच जिवावर उभी असते.

आपल्या वाचकांना विशेष जिव्हाळ्याचा असा या वादाचा आणखी एक फांटा आहे. ओक्लाहोमा संस्थानांत २०२३ सालीं एका कॅथॉलिक शाळेला सनद मंजूर झाली. कॅथॉलिक धर्मशिक्षण देणारी शाळा संपूर्ण सार्वजनिक पैशानें चालावी, असा अमेरिकेंतील तो पहिलाच प्रसंग होता. संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२४ सालीं ही सनद घटनाविरोधी ठरविली. प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयांत गेलें. मे २०२५ मध्यें तेथें चार विरुद्ध चार अशीं समान मतें पडलीं आणि त्यामुळें खालचा निकाल कायम राहिला. मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला: सनदी शाळा ही सरकारची शाळा, कीं सरकारी पैसा घेणारी खाजगी शाळा?

येथें आपल्या देशाचा अनुभव कांहीं शिकवूं शकेल. १८१३ सालीं मुंबईस उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं थोड्याच वर्षांत शाळा काढल्या. १८२४ सालीं मुंबईंत मुलींची शाळा काढली. महात्मा जोतीराव फुले यांचें शिक्षण पुण्यांत स्कॉटिश मिशनच्या शाळेंत झालें, आणि सावित्रीबाईंना शिक्षिकेचें वळण देण्यांत नगरच्या अमेरिकन मिशनच्या बाईंचा हात होता. पुढें १८५४ सालच्या वुड साहेबांच्या खलित्यानें अनुदानाची पद्धति घालून दिली: संस्था कोणाचीही असो, ती व्यवहारोपयोगी शिक्षण नीट देत असेल, तिची व्यवस्था जबाबदार माणसांच्या हातीं असेल, ती सरकारी तपासणीस कबूल असेल आणि मुलांकडून थोडी तरी फी घेत असेल, तर धर्माची विचारपूस न करतां तिला मदत द्यावी. फीची अट वगळली तर हीं सनदी शाळेचींच कलमें नव्हेत काय? स्वतंत्र भारताच्या घटनेनें तोच धागा पुढें नेला. अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालविण्याचा हक्क तिच्या तिसाव्या कलमानें दिला, आणि मदत देतांना सरकारनें त्यांच्याशीं दुजाभाव करूं नये असेंही सांगितलें; त्याचबरोबर सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणत्याही मुलाला, अजाण असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवांचून धर्मशिक्षणास बसवितां येणार नाहीं, असें अठ्ठाविसाव्या कलमानें बजावलें. मोकळीक आणि मर्यादा यांचा हा तोल आहे, आणि बहुविध धर्मांच्या देशाला तो साजेसा आहे.

परंतु अनुदानाची ही पद्धति निर्दोष होती, असें मानूं नये. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन करतांना जोतीरावांनीं जी तक्रार मांडली, ती आजही कानांत घुमावी अशी आहे. सरकारचें उत्पन्न शेतकऱ्याच्या घामांतून येतें. तें वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतें, आणि शेतकऱ्याचें मूल निरक्षर राहतें, असें त्यांचें म्हणणें होतें. सरकारनें शाळांतून अंग काढून घेणें विद्याप्रसारास घातक होईल, असेंही त्यांनीं सांगितलें. स्वतः मिशनच्या, म्हणजे खाजगी संस्थेच्या, शाळेंत शिकलेल्या आणि स्वतः खाजगी शाळा काढणाऱ्या पुरुषाचें हें मत आहे, म्हणून त्याला विशेष वजन आहे. संस्था दिवे लावूं शकतात. परंतु गांवोगांव उजेड पोंचविण्याचा पत्कर सरकारनेंच घेतला पाहिजे, हें त्यांनीं ओळखलें होतें. कोल्हापुरांत छत्रपति शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, तें याच जाणिवेनें.

आणि ती चिठ्ठी? ती आतां आपल्याही दारांत आलेली आहे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें खाजगी शाळांनीं पहिल्या वर्गांतील निदान शंभरांपैकीं पंचवीस जागा दुर्बल घटकांतील मुलांस विनामूल्य द्याव्यात असें ठरविलें. महाराष्ट्रांत या जागा सोडतीनें भरतात, आणि सोडतीच्या दिवशीं हजारों आईबापांचे डोळे यादीकडे लागतात. जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या बंधनांतून मोकळें करणारा नियम फेब्रुवारी २०२४ मध्यें निघाला. मुंबई उच्च न्यायालयानें जुलै २०२४ मध्यें तो रद्द केला. अल्पसंख्याकांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ व २०१४ सालच्या निकालांनीं या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलें.

या शेवटच्या वाक्यापाशीं मिशन शाळांनीं थांबून विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. कायद्याची सूट म्हणजे कर्तव्याची सूट नव्हे. घटनेनें आपल्याला स्वातंत्र्य दिलें तें आपला वारसा राखण्यासाठीं दिलें. दार अरुंद करण्यासाठीं नव्हे. शंभर मेंढरांपैकीं एक हरवलें, तर नव्याण्णव सोडून त्या एकाच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाचा दाखला आपण मुलांना सांगतों. शाळेच्या निकालाची टक्केवारी शोभिवंत दिसावी म्हणून कच्च्या मुलाला नववींतच दुसरी वाट दाखविणारी शाळा तो दाखला शिकविते खरी, परंतु पाळीत नाहीं. कोणत्याही मिशनची पहिली शाळा आठवा. जींत यावयास कोणी धजत नव्हतें, आणि जिला दुसरीकडे जागा न मिळालेलीं मुलेंच मिळालीं, अशी बहुधा ती होती. तीच आपली खरी सनद.

तेव्हां सार्वजनिक पैसा घेणारी शाळा, मग ती अमेरिकेची असो वा आपली, सनदी असो वा अनुदानित, तिला मी तीन कसोट्या लावीन. पहिली, तिचें दार कोणत्या मुलापुढें बंद होतें? दुसरी, वर्षाच्या आरंभीं आलेल्या मुलांपैकीं अखेरीस किती उरलीं, आणि गेलीं तीं कां गेलीं? तिसरी, तिच्या पैशाचा व निकालाचा हिशेब गांवच्या साध्या माणसाला पाहतां येतो काय? या तिन्ही कसोट्यांस उतरणारी शाळा खाजगी हातीं असली तरी सार्वजनिकच आहे. आणि न उतरणारी शाळा सरकारी पाटी लावून बसली तरी सार्वजनिक नव्हे.

पालकांना एकच सांगणें आहे. आपल्या मुलासाठीं चांगली शाळा शोधणें हा तुमचा धर्म आहे, आणि त्याबद्दल कोणी तुम्हांस दोष देऊं नये. परंतु तें झाल्यावर गांवच्या जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेकडे पाठ फिरवूं नका. तिचें छप्पर गळतें काय, तेथें शिक्षक पुरेसे आहेत काय, हें विचारणारा सुशिक्षित माणूस उरला नाहीं, म्हणजेच ती शाळा खंगते. आपलें मूल जेथें नाहीं तेथील शाळेचीही चौकशी करणारा नागरिक ज्या गांवांत आहे, त्या गांवांत सनदीविरुद्ध सार्वजनिक असा वाद फारसा माजणार नाहीं.

आणि विद्यार्थीहो, तुम्ही ज्या बाकावर बसलां आहां, तो बाक मिळावा म्हणून कोणी तरी कर भरला आहे आणि कोणी तरी दान दिलें आहे. त्यांत तुमच्यासारखाच एखादा मुलगा ज्याला बाक मिळाला नाहीं, त्याच्या बापाचाही पैसा आहे. तो बाप बाजारहाट करतांना कर भरतो आणि पावसांत भिजत तुमच्यासाठीं धान्य पिकवितो. अमेरिकेंत हा वाद मिटेल तेव्हां मिटो. तुम्ही मोठे होऊन पंच, नगरसेवक, शिक्षक किंवा नुसते मतदार व्हाल, तेव्हां शाळेविषयींचा प्रत्येक ठराव वाचतांना त्या न दिसणाऱ्या मुलाच्या वतीनें एक प्रश्न विचारा: याला कोठें बसवूं?